स्टेम सेलने शुगर जाते का? मेडिकलच्या काउंटरवरून सहा गोष्टी

लोधीखेड्यात माझं मेडिकलचं दुकान आहे. कोणत्या घरात शुगरची गोळी जाते आणि कोणाच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन असतं, हे मला पाठ आहे. अलीकडे गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून विचारतं, "भाऊ, स्टेम सेलची एक सुई घेतली की शुगर मुळापासून जाते म्हणतात. मग काहून नाही घ्यायची?" रोजच्या गोळ्या-सुयांनी माणूस थकतो, म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. वाचून आणि डॉक्टरांना विचारून मला जे समजलं, ते इथे सांगतो.

१. आधी शुगर कोणती, ते विचारा.
टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारते, त्यामुळे इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही. टाइप टूमध्ये इन्सुलिन बनतं, पण यकृत आणि स्नायू त्याला दाद देत नाहीत. जास्तीचं काम करून बीटा पेशी हळूहळू थकतात. आपल्याकडे बहुतेकांना टाइप टू असते. तिथे स्टेम सेलपासून बनवलेल्या नुसत्या नव्या बीटा पेशी टाकून काम अर्धंच होतं. विहिरीवर नवी मोटर बसवली, पण पाणी मुळांपर्यंत मुरत नसेल तर संत्र्याचं झाड सुकणारच.

२. बातमी खरी असली, तरी ती कोणाची ते पाहा.
जून २०२५ मध्ये व्हर्टेक्स कंपनीच्या चाचणीचे निकाल आले. स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशींचा पूर्ण डोस मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षभरानंतर इन्सुलिनशिवाय होते. ही मोठीच गोष्ट आहे. पण ते सगळे टाइप वनचे होते आणि त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागत होती.
टाइप टूची गाजलेली बातमी शांघायची. २५ वर्षं शुगर असलेल्या एका ५९ वर्षांच्या माणसाला २०२१ मध्ये अशा पेशी दिल्या आणि ११ आठवड्यांनी त्याचं इन्सुलिन सुटलं. त्याची किडनी आधीच बदललेली होती, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं तो घेतच होता. एका माणसाच्या निकालावरून गावाचा इलाज ठरत नाही.

३. डोस कमी होणं वेगळं, शुगर जाणं वेगळं.
आपल्या देशातही यावर प्रामाणिक काम झालं आहे. चंदीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. अनिल भन्साळी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाइप टूच्या रुग्णांना त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी दिल्या. २०१४ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या चाचणीत २१ रुग्ण होते. पेशी मिळालेल्या ११ पैकी ९ जणांचं इन्सुलिन निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटलं. इतक्या थोड्या लोकांवरचा निकाल पुढच्या संशोधनाला वाट दाखवतो. तो दाखवून कोणी "शुगर कायमची जाईल" म्हणत असेल, तर तो त्या डॉक्टरांच्या कष्टांचाही गैरवापर करतो.

४. चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत.
आयसीएमआर आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा मान्य इलाज आहे. बाकी आजारांत, शुगरमध्येही, स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून खर्च घ्यायचा नसतो. म्हणून तीन प्रश्न विचारा: क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीचा नंबर काय? नैतिकता समितीची मंजुरी कुठे आहे? पैसे कशाचे मागता? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नसेल, तर तिसऱ्यासाठी बसूच नका.

५. नव्याच्या आशेवर सुरू असलेला इलाज सोडू नका.
आमच्याकडचे एक बागायतदार काका संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे स्टेम सेलच्या सुईसाठी एका दवाखान्यात भरायला निघाले होते. त्या सुईच्या भरवशावर त्यांनी इन्सुलिन बंद केलं होतं. दुकानात बसवून मी त्यांना चप्पल काढायला लावली. टाचेत संत्र्याचा काटा रुतलेला, भोवती पू, आणि काकांना त्याचा पत्ताच नव्हता. शुगरने पायाची संवेदना गेली होती. त्याच दिवशी मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. पट्ट्या झाल्या, इन्सुलिन पुन्हा सुरू झालं आणि पाय वाचला.
म्हणून रोज रात्री उजेडात दोन्ही तळवे पाहा, बोटांच्या बेचक्याही. दर तीन-सहा महिन्यांनी एचबीए१सी ही रक्ताची तपासणी करा. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रोटीन आणि किडनी तपासून घ्या.

६. टाइप टू मागे हटते, त्याचा पुरावा वजनात आहे.
ब्रिटनच्या डायरेक्ट चाचणीत डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी कॅलरीचा आहार दिला. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची शुगर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली आली. १५ किलो किंवा जास्त वजन घटवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होतं. त्या लोकांचा आजार सहा वर्षांच्या आतला होता आणि ते इन्सुलिनवर नव्हते, म्हणून सुरुवातीची वर्षं वाया घालवू नयेत. "मी तर बारीकच आहे," असं म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक काय सांगतात ते लक्षात घ्यावं: भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी अंगात चरबी जास्त असू शकते. काट्यावरच्या वजनाबरोबर पोटाचा घेरही मोजा. आहार बदलण्याआधी मात्र डॉक्टरांना भेटा. इन्सुलिन किंवा काही गोळ्या सुरू असताना जेवण अचानक कमी केलं, तर शुगर धोक्याइतकी उतरते.

स्टेम सेलच्या संशोधनावर माझा विश्वास आहे. टाइप टूसाठी मान्य इलाज निघाला, तर तो प्रयोगशाळेतून, चाचण्यांतून, नियमाने येईल. तोवर डोळे, किडनी आणि पाय शाबूत ठेवणं आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी लागणारी औषधं आजच मिळतात. बहाराचे पैसे घरात राहू द्या. काउंटरवर कोणीही विचारलं, तरी मी हेच सांगतो.