स्वमग्न मुलांचे शिक्षण आणि तंत्रज्ञानाची साथ

स्वमग्न मुलाला घेऊन आरोग्य केंद्रात येणारे पालक एक प्रश्न हमखास विचारतात : मुलाच्या हाती मोबाइल द्यावा की देऊ नये? याचे उत्तर मोबाइल कसा वापरला जातो यावर अवलंबून आहे. मूल एकटे बसून तासन्‌तास चित्रफिती पाहत राहिले, तर माणसांशी होणारा त्याचा संवाद कमी होतो. तोच मोबाइल घरातील मोठ्यांच्या सोबतीने मागणे, सांगणे आणि निवडणे शिकण्यासाठी वापरला, तर तो मुलाच्या शिक्षणाचे साधन ठरतो.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था असून तिची लक्षणे बालपणीच दिसू लागतात. संवाद, सामाजिक देवाणघेवाण आणि वर्तन यांवर तिचा परिणाम होतो. ती पालकांच्या संगोपनातील उणिवेमुळे होत नाही. कोणतेही अ‍ॅप, यंत्र वा औषध ती नाहीशी करीत नाही. तसा दावा करून पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहावे.

प्रत्येक स्वमग्न मूल वेगळे असते. तथापि, अनेक मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले लवकर उमगते. बोललेला शब्द क्षणात विरून जातो. चित्र मात्र समोर टिकून राहते. पुढील उपाय याच तत्त्वावर आधारलेले आहेत.

घरी करता येण्याजोगे उपाय

१. चित्रमय दिनक्रम : मुलाचा स्वतःचा ब्रश, बादली, ताट व दप्तर यांची छायाचित्रे मोबाइलवर काढून ती क्रमाने लावावीत. एक काम झाले की पुढचे चित्र दाखवावे. पाहुणे येणार असतील किंवा शाळेला सुटी असेल, तर तो बदल आदल्या दिवशीच चित्रातून सांगावा. हीच चित्रे छापून भिंतीवर लावली तरी चालतात.

२. कृतीची छोटी चित्रफीत : भाऊ, बहीण किंवा आई हात धुताना, चप्पल घालताना दिसेल अशी साधारण एक मिनिटाची चित्रफीत तयार करावी. ती पाहून होताच मुलाकडून तीच कृती प्रत्यक्ष करून घ्यावी व प्रयत्नाचे कौतुक करावे.

३. दिसणारी वेळ : "थोडा वेळ थांब" हे शब्द अनेक मुलांना कळत नाहीत. मोबाइलवरील टायमर समोर ठेवल्यास किती वेळ उरला हे दिसते आणि खेळ थांबवणे सोपे जाते.

४. चित्रांद्वारे बोलणे : चित्राला बोट लावताच शब्द उच्चारणारी अ‍ॅप उपलब्ध आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेले 'जेलो' आणि चेन्नईत विकसित झालेले 'आवाज' ही त्यांची उदाहरणे. आरंभी मुलाला प्रिय अशी तीन-चार चित्रेच घ्यावीत व त्यांच्या जागा बदलू नयेत. "पाणी हवे?" असे विचारताना पालकांनी स्वतःही पाण्याच्या चित्राला बोट लावावे. मुलाने चित्र दाखवताच पाणी लगेच द्यावे. आपण सांगितले आणि समोरच्याला ते कळले, हा अनुभव मुलाला पुन्हा सांगण्याचे बळ देतो.

चित्रांमुळे बोलणे खुंटते का?

ही भीती अनेक कुटुंबांत असते व तिच्यापायी मौल्यवान वर्षे वाया जातात. चित्रांच्या वापराने बोलणे खुंटत नाही, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. काही मुलांत बोलण्याला त्याची मदतच होते. ज्या मुलाला मागता येत नाही ते रडून, ओढून किंवा मारून आपली गरज सांगते. चित्राचा आधार मिळाल्यास असा त्रागा कमी होऊ शकतो.

म्हणूनच बोलण्यासाठी दिलेले साधन शिक्षा म्हणून कधीही काढून घेऊ नये. ते मुलाचा आवाज आहे. शक्य असल्यास मनोरंजनासाठी वेगळा मोबाइल वापरावा. वीज किंवा चार्जिंग नसताना अडचण होऊ नये, म्हणून त्याच चित्रांचा छापील तक्ता जवळ ठेवावा.

भाषेची निवड

घरात मराठी आणि शाळेत हिंदी, कन्नड वा इंग्रजी असली, तरी मुलाशी घरची भाषा बोलणे थांबवू नये. दोन भाषांमुळे स्वमग्नता वाढत नाही. आजी-आजोबांनाही समजेल अशा भाषेत चित्रांची नावे ठेवावीत.

हे पाळावे

• दोन वर्षांखालील बालकांना मनोरंजनासाठी पडदा दाखवू नये. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाहून अधिक वेळ नसावा.
• जेवताना व झोपण्यापूर्वी मनोरंजनासाठी मोबाइल देऊ नये.
• आवाज व उजेड मुलाला सोसेल इतकाच ठेवावा.
• पडद्यावर शिकलेली गोष्ट त्याच दिवशी घरात, अंगणात किंवा दुकानात वापरून पाहावी.

मदत कोठे मिळेल?

एक वर्षाचे बालक नावाने हाक मारल्यास वळून पाहत नसेल, दीड वर्षाचे बालक बोटाने वस्तू दाखवत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल किंवा कोणत्याही वयात आलेले बोलणे मावळले असेल, तर वाट न पाहता तपासणी करून घ्यावी. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्यामार्फत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जाता येते. अ‍ॅपची निवड वाचा-उपचारतज्ज्ञ व विशेष शिक्षकांच्या सल्ल्याने करावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. संवादाच्या पर्यायी साधनांच्या वापरास शिक्षणात उत्तेजन द्यावे, अशी तरतूदही त्यात आहे. मुलाचे साधन वर्गात वापरू द्यावे, अशी विनंती पालकांनी शाळेला निःसंकोच करावी.

पालकांचा ताण वाढल्यास 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर संपर्क साधावा.

सर्व उपाय एकाच दिवशी सुरू करण्याची गरज नाही. मुलाला सर्वाधिक हव्या असलेल्या एका वस्तूचे एक चित्र आज तयार करावे, आणि घरातील प्रत्येकाने ते रोज त्याच रीतीने वापरावे.