तीन रिपोर्ट, एकच मूल

दहावीचा निकाल लागला की समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांच्या फायलीत हल्ली दोन-तीन रिपोर्ट तयारच असतात. मुलीने मोबाइलवर दिलेल्या फुकट टेस्टमध्ये ती ‘आयएनएफपी’ निघालेली असते. आवडीच्या चाचणीत ‘आयएएस’ ही तीन अक्षरं आलेली असतात. आणि तिसऱ्या रिपोर्टात आलेख काढून ‘कर्तव्यदक्षता 35’ असं लिहिलेलं असतं. आईवडील विचारतात, यातलं खरं कुठलं धरायचं? आणि आर्ट्सला घालायचं की सायन्सला?

आधी गैरसमज काढू. आवडीच्या चाचणीतल्या ‘आयएएस’चा प्रशासकीय सेवेशी काहीही संबंध नाही. शोधक, कलात्मक आणि सामाजिक या तीन प्रकारच्या आवडींची ती इंग्रजी आद्याक्षरं आहेत. दुसरं म्हणजे, हे रिपोर्ट एकमेकांना खोटं पाडत नाहीत. काही चाचण्या एकच गोष्ट निरनिराळ्या नावांनी मोजतात आणि काही मुळातच वेगळी गोष्ट मोजतात. तेवढं कळलं तरी निम्मी धास्ती कमी होते.

‘आयएनएफपी’सारख्या चार अक्षरांच्या पद्धतीचं मूळ कार्ल युंग यांच्या 1921 सालच्या ‘सायकॉलॉजिकल टाइप्स’ या ग्रंथात आहे. त्यावरून अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी प्रश्नावली बांधली. दोघींनी मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात स्त्रिया मोठ्या संख्येने कारखान्यांत आणि कचेऱ्यांत येत होत्या. त्यांना स्वभावाला मानवेल असं काम मिळावं, ही इझाबेल यांची तळमळ होती. ती तळमळ मला आजही मोलाची वाटते.

मानसशास्त्रज्ञांनी मात्र दुसरी वाट धरली. 1936 साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसामाणसांतला फरक सांगणारे सुमारे 18 हजार शब्द वेचले. पुढच्या काही दशकांत संशोधक अशा शब्दांचे गट पाडत गेले आणि पाच गुणघटक हाती आले : बहिर्मुखता, नावीन्याची ओढ, सौहार्द, कर्तव्यदक्षता आणि भावनिक अस्थिरता.

1989 मध्ये मॅक्रे आणि कोस्टा या संशोधकांनी दोन्ही पद्धती एकाच गटातल्या लोकांवर लावून पाहिल्या. पहिल्या अक्षराचा बहिर्मुखतेशी आणि दुसऱ्याचा नावीन्याच्या ओढीशी 0.7च्या आसपास सहसंबंध निघाला, म्हणजे चांगलाच घट्ट. तिसऱ्याचा सौहार्दाशी आणि चौथ्याचा कर्तव्यदक्षतेशी 0.45च्या आसपास, म्हणजे बेताचा. भावनिक अस्थिरतेला मात्र चार अक्षरांत जागाच नव्हती. काळजी करण्याचा, चटकन खचण्याचा स्वभाव त्या रिपोर्टात दिसतच नाही. मुलांमध्ये लोकप्रिय असलेली ‘सिक्स्टीन पर्सनॅलिटीज’ ही साइट चार अक्षरांपुढे ‘ए’ किंवा ‘टी’ जोडते, ते याच राहिलेल्या घटकासाठी. ती चाचणी मुळात पाच घटकांवरच उभी आहे, अक्षरं फक्त जुन्या पद्धतीची आहेत.

अक्षरांपेक्षा आकडे बरे, असं माझं स्पष्ट मत आहे. बहुतेक माणसं मधोमध असतात. साडेपाच फुटांवर रेघ मारून वरच्यांना ‘उंच’ आणि खालच्यांना ‘बुटके’ म्हटलं, तर अर्ध्या इंचाने दोन मुलं वेगळ्या जातीची ठरतील. अक्षरांचंही तसंच होतं. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली, तर अनेकांचं एखादं अक्षर बदललेलं असतं. यात मुलाची काही चूक नसते.

आता तीन अक्षरांची ती आवडीची चाचणी. ती जॉन हॉलंड यांच्या 1959 साली मांडलेल्या सिद्धांतावर आधारलेली आहे. महायुद्धाच्या काळात हॉलंड अमेरिकी सैन्यात भरती झालेल्यांच्या मुलाखती घेत असत. लोकांचे कामधंद्यांचे इतिहास थोड्याच प्रकारांत बसतात, असं त्यांना तिथे जाणवलं. त्यांचे सहा कल म्हणजे यंत्रं-अवजारं, शोध, कला, माणसं, उद्योग-नेतृत्व आणि नोंदी-हिशेब. इथला प्रश्न ‘तू कसा आहेस’ असा नसतो. ‘बिघडलेला पंखा दुरुस्त करायला आवडेल का, लहान मुलांना शिकवायला आवडेल का’ अशा धाटणीचे प्रश्न असतात. आपल्या राज्य मंडळाने 2016 पासून काही वर्षं दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. तिचाही रोख आवडीवरच होता. ललित कला, वाणिज्य, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशी क्षेत्रं तिच्यात होती.

मग स्वभाव आणि आवड यांचं नातं किती? यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. कलेची आवड आणि नावीन्याची ओढ यांचा सहसंबंध 0.48 निघाला, उद्योग-नेतृत्वाची आवड आणि बहिर्मुखता यांचा 0.41. नातं आहे, पण 0.41चा वर्ग केला की 0.17 येतो. म्हणजे आवडीतल्या फरकाचा जेमतेम सहावा हिस्सा बहिर्मुखतेशी जुळतो, बाकीचा सुटाच राहतो. ‘मुलगा इंट्रोव्हर्ट आलाय, मग मार्केटिंग नको ना?’ असं विचारणाऱ्या बाबांनी हा आकडा लक्षात ठेवावा. यंत्रं-अवजारांच्या आवडीचं तर पाचही घटकांशी लक्षात घेण्याजोगं नातं सापडलं नाही. घरातला मिक्सर उघडून बसणारा मुलगा स्वभावाच्या कुठल्याच चाचणीत ओळखू येणार नाही. त्याला आयटीआय, डिप्लोमा की इंजिनीअरिंग, हे त्या रिपोर्टांना विचारण्यात अर्थ नाही.

‘कर्तव्यदक्षता 35’ या ओळीने पालक सर्वांत जास्त हादरतात. हा घटक महत्त्वाचा आहे हे खरं. 1991 मध्ये बॅरिक आणि माउंट यांनी दाखवून दिलं, की सर्व प्रकारच्या नोकऱ्यांत कामगिरीशी त्याचं नातं दिसतं, जरी ते माफक असलं तरी. पण तो कोणती शाखा घ्यायची ते सांगत नाही. शिवाय वयाच्या विशी-तिशीत हा गुण सरासरीने वाढत जातो. पंधराव्या वर्षीचा आकडा म्हणजे आजची नोंद, एवढंच.

‘डिस्क’ आणि नऊ प्रकारांचं ‘एनिअग्राम’ या स्वभावाच्या आणखी दोन चाचण्या कंपन्यांच्या प्रशिक्षणात भेटतात. शाखा निवडताना त्या बाजूला ठेवलेल्याच बऱ्या. बोटांचे ठसे घेऊन बुद्धी आणि करिअर सांगणाऱ्या चाचण्यांवर मात्र एक रुपयाही घालू नका. त्यांना वैज्ञानिक आधार नाही, आणि अशा रिपोर्टाच्या जोरावर मुलांचे विषय बदलले जातात, हे अतिशय वाईट आहे.

समुपदेशकांना तीन गोष्टी जरूर विचारा : चाचणीचं नाव काय, आकड्यांची तुलना कोणत्या वयाच्या आणि कुठल्या मुलांशी केली, आणि ती स्वभाव मोजते, आवड मोजते की क्षमता. तुमच्या फायलीत बहुधा स्वभाव दोनदा आणि आवड एकदा मोजलेली असेल. संख्यांशी, आकृत्यांशी, भाषेशी मुलीचं डोकं कसं चालतं, हे त्यांपैकी एकाही पानावर नसतं. त्यासाठी अभिक्षमता चाचणी वेगळी द्यावी लागते, आणि अकरावीचा अर्ज भरण्याआधी खर्च करायचाच असेल तर तो तिच्यावर करा.