रावेर का लपवलंस?

देवपूर, धुळे

चि. सोनू हिस,


परवा लग्नात तुझ्या मैत्रिणीची आई भेटली. तिच्याकडून कळलं की मुंबईला मेंदूच्या गाठींवरच्या तुझ्या लॅबमध्ये कोणी गाव विचारलं तर तू 'नाशिककडची' एवढंच सांगतेस. मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीस. पीएच.डी. सोडून बी.एड. करायचं मनात आहे म्हणे. बी.एड.चं मला काही वाटलं नाही, मी जन्मभर शाळेतच शिकवलं. पण आपलं रावेर का लपवलंस गं?

बाकी सगळे डॉक्टर नाहीतर न्यूरोसायन्सवाले, आणि तू एकटीच बॉटनीची. हेच ना? मग कमल रणदिवे कोण होत्या? 1943 साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम.एस्सी. केलं, विषय सीताफळाच्या कुळातल्या झाडांची पेशी-आनुवंशिकी. तिथून मुंबईला डॉ. खानोलकरांच्या हाताखाली कर्करोगाकडे वळल्या आणि पुढे देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. ती प्रयोगशाळा ज्या संस्थेत होती, तिचाच वारसा आज खारघरची कर्करोग संशोधन संस्था अ‍ॅक्ट्रेक चालवते.

आणि तू? दादाच्या मळ्यातली केळी टिश्यू कल्चरची, म्हणजे ऊतिसंवर्धनाचीच. एम.एस्सी.ला असताना तू त्याच रोपांच्या लॅबमध्ये बसायचीस. एका बाटलीत बुरशीचा ठिपका दिसला की शेजारच्या सगळ्या बाटल्या उजेडात धरून बघायचीस. मेंदूच्या गाठीच्या पेशी जगवायला तीच नजर लागते ना?

दिवाळीत तूच मला समजावलं होतंस, ग्लायोमाच्या, म्हणजे मेंदूतल्या अशा गाठीच्या पेशी आजूबाजूच्या चेतापेशींशी चक्क सिनॅप्स, म्हणजे जोडण्या, जुळवतात आणि त्यांच्या संदेशांवर वाढतात. 2019 मध्ये स्टॅनफर्डच्या मिशेल मोंजे आणि हायडेलबर्गचे फ्रँक विंकलर यांच्या गटांनी ते दाखवलं. 2025 चं ब्रेन प्राइझ त्या दोघांना मिळालं. दोघंही पेशंट तपासणारे न्यूरॉलॉजिस्ट. पण अशा कामात गाठ काढणारा सर्जन वेगळा, पेशीतली वीज मोजणारा वेगळा, पेशी वाढवणारा वेगळा. कर्करोग शिकलेल्याला मेंदू नवा, मेंदू शिकलेल्याला कर्करोग नवा. या विषयात सगळं शिकून आलेलं कोणीच नाही, पोरी. मग मान खाली घालायची ती तूच का?

मलाही पुण्याला एम.एस्सी.ला जायचं होतं. प्रवेश मिळाला होता, ट्रंकही भरली होती. पण मागे दोन बहिणींची लग्नं होती. आप्पा नाही म्हणाले आणि ट्रंक माळ्यावर गेली. त्यांच्यावर राग नाही माझा. तरी स्टँडवर पुण्याची गाडी लागली की अजून पोटात तुटतं. तू मुंबईला निघालीस त्या दिवशी दादापेक्षा मीच जास्त रडले, ते यासाठी.

फार बोलले का गं? तुला तिथे रात्री एकटं वाटत असेल, इंग्रजी बोलताना जीभ अडत असेल, हे कळतं मला. सोडायचंच असेल तर सोड, घर तुझंच आहे. फक्त गावाच्या लाजेने सोडू नकोस. पुढच्या वेळी कोणी विचारलं तर रावेर म्हण, केळीचंही सांग.

कळण्याचं पीठ आणि ठेचा पाठवते आहे. लॅबमधल्यांनाही दे. पैसे कमी पडले तर दादाला नको, मला फोन कर. आणि सुट्टीत आधी धुळ्याला उतर, भरीत करते; दोन दिवस नुसती झोप काढ माझ्याकडे.

तुझी,
आत्या