मालक बाहेरगावी गेले की

चौबे कॉलनी, रायपूर
12 जून

चि. मनू,

तुझा मेसेज वाचला. चांगली माणसं मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत, आणि शिकवून तयार केली की शेजारचा कारखाना दोन हजार जास्त देऊन पळवतो. फोनवर उत्तर देण्यासारखं हे नाही, म्हणून लिहायला बसले. थोडं टोचेल, पण कारखान्यात दादाच्या खुर्चीत आता तू बसली आहेस, तेव्हा ऐकून घ्यावं लागेल.

बँकेत कर्जखात्यात असताना सिलतरा, भनपुरीकडचे कारखाने पाहायला मी जायची. ताळेबंद सगळ्यांचेच सीएने छान बसवलेले असत. त्यावरून फार काही कळत नसे. म्हणून मालक बाहेरगावी असताना न कळवता जायचं आणि समोर दिसेल त्याला साधा प्रश्न विचारायचा, ही माझी रीत. आजचा कोळसा कुठला? बिलेटचा भाव कुणी ठरवला? भट्टी बंद पडली तर काय करता? "सेठजी आएंगे तब बताएंगे" असं उत्तर आलं की फाइल मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचायची. एका रोलिंग मिलचे मालक अतिशय हुशार होते, सगळा धंदा त्यांच्या डोक्यात. त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि कोणत्या व्यापाऱ्याकडे किती येणं आहे हे मुलांना सांगता येईना. काही महिन्यांत खातं बुडीत गेलं. त्यांच्याकडे माणसं नव्हती असं नाही. वर्षानुवर्षं राबलेले फोरमन होते, पण न विचारता एक बेअरिंग विकत घ्यायची त्यांची प्राज्ञा नव्हती.

आपल्या गावात आयआयएम येऊन दीड दशक झालं. तू तिथूनच शिकलीस, त्याची मला कौतुकमिश्रित धास्ती आहे. तुझ्या बोलण्यात 'लीडरशिप पाइपलाइन' वगैरे येतं. पण रात्री तीन वाजता इंडक्शन भट्टीचं अस्तर झिजलेलं दिसलं, तर आणखी एक हीट काढायची की भट्टी रिकामी करायची हे ठरवतो तो मेल्टर. धातू कॉइलपर्यंत पोचला तर भट्टी जाते, माणूसही जाऊ शकतो. तुझा मेल्टर अशा वेळी तुला फोन लावतो आणि तू अंथरुणातून निर्णय देतेस. हे तू मला अभिमानानं सांगितलंस! भट्टी त्याच्यासमोर आहे, तुझ्यासमोर नाही. धोका वाटला तर भट्टी थांबवायला कुणाची परवानगी लागणार नाही, असं त्याला लेखी दे. त्या दिवसाचं उत्पादन बुडालं म्हणून दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करू नकोस. तोंड वाकडं झालं की कागदाला किंमत उरत नाही.

पैशाचंही तेच. तुझ्याकडच्या मेंटेनन्सच्या आयटीआय झालेल्या मुलाला सुट्या भागांच्या खरेदीसाठी महिन्याला ठरावीक रक्कम दे. तो एखादी वस्तू महाग घेईल, एखादी चुकीची घेईल. महिनाअखेर बिलं घेऊन त्याच्याबरोबर बस, पुढच्या महिन्यात रक्कम थोडी वाढव. बिर्लांच्या कारखान्यांत 'पडता' म्हणून रोजचा नफा-तोटा रोज काढायची पद्धत होती. आकडे रोज डोळ्यांखालून गेले की हिशेबाची समज आपोआप येते. आपण मराठी माणसं आकडे कपाटात ठेवतो आणि मग म्हणतो, कुणाला खर्चाची जाणीव नाही. इथली आपली बहुतेक मंडळी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, शाळांत, वीज मंडळात नोकरीला. धंदा आपण पगारी माणसाच्या नजरेनं पाहिला. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी पंडरीत दुकानं थाटली, तिथली पोरं शाळा सुटली की गल्ल्यावर बसत. त्यांना वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

तरी काम माणसांवर सोपवल्याची उदाहरणं आपल्यातही आहेत. लाखेनगरवरून तू रोज जातेस, ते नाव वामनराव लाख्यांचं. 1900 साली माधवराव सप्रे यांनी पेंड्राहून 'छत्तीसगढ मित्र' काढलं, त्याचे प्रकाशक लाखे. पैशाअभावी ते मासिक 1902 अखेर बंद पडलं. पुढे 1913 मध्ये लाख्यांनी रायपूरला सहकारी बँक उभी केली, ती आजही चालू आहे. मासिक दोन-तीन जणांच्या खांद्यावर होतं. बँकेला सभासद होते, सोसायट्या होत्या, एक गेला तर दुसरा बसेल अशी जागा होती. माझ्या मते फरक तिथे पडला.

आणि किर्लोस्करवाडी. 1910 मध्ये औंध संस्थानातल्या त्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी जी माणसं जमवली, त्यांतले अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले. त्यांना तिथे इंजिनीअरचं काम मिळालं. प्रमाणपत्र पाहिलं असतं तर ते दारातूनच परतले असते.

हे तुझ्या भरतीशी थेट जोडलेलं आहे. तुझे सुपरवायझर सगळे बाहेरचे, आणि धरसीवा-तिल्द्याकडची पोरं फक्त हमाली करायला. 30 किंवा अधिक कामगार असले की अप्रेंटिस घेणं कायद्यानं बंधनकारक आहे, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. तू अडीच टक्के भरून कागद पूर्ण करतेस. त्याच जागांवर गावातली चुणचुणीत पोरं निवडून घे आणि त्यांना झाडू मारायला न लावता वर्षभर प्रयोगशाळेत, स्टोअरमध्ये, डिस्पॅचला फिरव. छत्तीसगढीत बोलायला तू स्वतः शीक. कामगारांशी हिंदीत आणि अकाउंटंटशी मराठीत, यात खरी बातमी तुझ्यापर्यंत येत नाही.

राहिलं पळवापळवीचं. नायजेरियातल्या इग्बो व्यापाऱ्यांत एक जुनी रीत आहे. गावातला मुलगा व्यापाऱ्याकडे काही वर्षं राहतो, राबतो, धंदा शिकतो. मुदत संपली की मालक त्याला भांडवल देऊन स्वतंत्र दुकान थाटून देतो. 1967 ते 1970 च्या यादवीत हा समाज धुळीला मिळाला होता, तो पुन्हा उभा राहिला त्यात या रीतीचा मोठा वाटा मानतात. सगळंच गोड नाही. मुदत संपता संपता चोरीचा आळ घेऊन मुलाला रिकाम्या हातानं हाकलणारे मालकही असतात. पण पोरगा एक दिवस जाणार, हे तिथे पहिल्या दिवसापासून दोघांना माहीत असतं. तुझ्याकडचा मुलगाही जाईल. तू त्याला पाच वर्षांनी फॅब्रिकेशनचं छोटं काम ठेक्यानं देशील, हे त्याला आज कळलं, तर दोन हजारांसाठी तो आज जाणार नाही. ठेकेदार झाल्यावर माल तुझ्याकडूनच उचलेल, हा वरचा फायदा.

एक अवघड गोष्ट उरली. दादा अजून रोज कारखान्यात येतो आणि तू दिलेल्या ऑर्डर फिरवतो, हे वहिनीनं मला सांगितलं. त्या वेळी तुला जसं वाटतं, तसंच तुझ्या फोरमनला तुझ्याबाबत वाटत असणार. दादाशी मी बोलेन, लहान बहीण म्हणून तो माझं थोडं ऐकतो. मेल्टरशी तू बोल, या आठवड्यातच.

रविवारी जेवायला ये. स्टोअरचं खरेदी रजिस्टर बरोबर आण, आणि ज्यांच्या हाती तू काही सोपवू शकशील अशा तिघांची नावं.

तुझी,
आत्या