समोसा सोडू की कमी करू?

प्रश्न : बंगळुरूत शिवाजीनगरला राहते. ऑफिसातून येताना रसेल मार्केटच्या बाजूने चालत घरी येते आणि समोसा घेतल्याशिवाय पाय निघत नाही. रक्तातल्या साखरेच्या चाचणीत एचबीएवनसी ६.१ आलंय. पूर्ण बंद करू का?

उत्तर : ताई, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. इथून मागे फिरता येतं. एका समोशावर हात थांबतो का, हे आधी पाहा. थांबत असेल तर आठवड्यातून एकदा, घरी नेऊन, ताटात घेऊन खा. थांबत नसेल तर तेवढा एक पदार्थ काही महिने पूर्ण सोडा. अनेकांना रोज मनाशी घासाघीस करण्यापेक्षा ठाम नकार सोपा जातो, त्यात कमीपणा नाही. तोवर घरी येण्याची वाट बदला. बाकीचं जेवण मात्र तोडू नका. उपाशी पोटी बाजारातून गेलं की निश्चय टिकत नाही.

समोशाबरोबर चहाही होत असेल, तर मला जास्त काळजी त्याची वाटते. दिवसाला दोन चमचे साखरेचे तीन कप घेत असाल, तर ती साखर सुमारे २५ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो एवढ्यातच ठेवा म्हणते. आधी तिथे अर्धा चमचा कमी करा. चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करा आणि डॉक्टरांना दाखवा.