गोड दाणा गोड कसा राहतो?

ईजिप्त, पॅलेस्टाईन व इटली ह्या देशांत पांढरा लुपिन नांवाचें एक कडधान्य फार प्राचीन काळापासून पिकवितात. अरबी लोक त्यास तुर्मुस म्हणतात. तें आपल्या तुरीच्याच कुळांतलें आहे. झाड सुमारें कमरेएवढें वाढतें. फूल पांढरें व दाणा चपटा असतो.

हें पीक हलक्या, किंचित् आम्ल जमिनींत चांगलें येतें. चुनखडीच्या जमिनींत तें पिवळें पडतें. त्याच्या मुळांवरील गांठींतले सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र झाडास पुरवितात. शिवाय मुळांच्या दाट झुपक्यांतून आम्ल पाझरून मातींत अडकलेला स्फुरद मोकळा होतो. हीं कारणें ठाऊक नसतांही रोमन शेतकरी हें पीक हिरवें असतांच नांगरून गाडीत, इ. स. च्या पहिल्या शतकांतील लेखक कोलुमेला ह्यानें ह्या खताची शिफारस केली आहे.

परंतु दाणा अति कडू असतो, व तो कडूपणा विषारी आहे. तसाच खाल्ल्यास तोंड कोरडें पडतें, अंधुक दिसतें, भोंवळ येते. ह्याकरितां दाणे भिजवून, शिजवून, कित्येक दिवस पाणी बदलीत धुतात.

पुढें जर्मनींत १९२० नंतरच्या दशकांत राइनहोल्ड फॉन झेंगबुश ह्यांनीं लुपिनचीं असंख्य झाडें तपासून त्यांतून गोड दाण्याचीं थोडीं झाडें निवडलीं. येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. जवळ कडू लुपिन असल्यास मधमाशा त्याचा पराग गोड झाडावर आणितात. त्या वर्षीं दाणा गोडच लागतो. मात्र तोच पेरला असतां उगवलेलें झाड कडू दाणे देतें. म्हणून बियाण्याचें शेत वेगळें राखतात, व बियाणें वरचेवर तपासतात.

आईबापांनो, ह्याचा विचार करा. आपण सुवार्तेचा स्वीकार केला, एवढ्यानें आपलीं लेंकरें आपोआप गोड निपजतील असें नाहीं. घरांत खोटेपणा, दारू किंवा जातीचा अभिमान शिरला, तर आज कांहींच दिसत नाहीं; पुढच्या पिढींत तो उघड होतो. शेजाऱ्यांस टाळावें असा ह्याचा अर्थ नव्हे. आपला प्रभु तर पाप्यांच्या पंक्तीस बसला. आपलेंच अंतःकरण तपासावें, हा अर्थ.

आणि ज्याच्या घरीं कडूपणा उगवला असेल त्यानें निराश होऊं नये. कडू दाणाही कोणी फेंकून देत नाहीं. रोज नवें पाणी घालून धीरानें धुतला, म्हणजे तोच अन्न होतो.