मोटारीचा मागील ब्रेक : ड्रम की डिस्क ?

आलापल्लीच्या चौकातून भामरागड, एटापल्ली, सिरोंचा किंवा अहेरी यांपैकी कोणत्याही वाटेस लागावे, थोड्याच वेळात दोन्ही बाजूंस अरण्य सुरू होते. ह्या रस्त्यांवर वाहनास कशाकरिता अकस्मात थांबावे लागेल याचा नेम नसतो. गुरांचा कळप, वळणावर बिघडून उभा राहिलेला लाकडाचा ट्रक, रात्री आडवे धावणारे रानडुक्कर, पावसाळ्यात रपट्यावरून वाहणारे पाणी, यांपैकी काहीही पुढे येऊन ठेपते. म्हणून ज्यांच्या घरी जुनी जीप अथवा जुनी मोटार आहे अशा पालकांत आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो, तो असा की, मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून त्यांच्या जागी डिस्क ब्रेक बसवावे काय ? प्रश्न व्यवहारातला आहे, परंतु त्याचे उत्तर पदार्थविज्ञानाच्या नियमांत दडलेले आहे. सबब त्याचा विचार येथे पाठाच्या रूपाने करू.

प्रथम ब्रेक काय करतो हे पाहावे. ब्रेक गती नाहीशी करतो असे आपण म्हणतो खरे. पण ऊर्जा नाहीशी होत नाही, हे नववीतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. ब्रेक गतीची उष्णता करतो, एवढेच. समजा, माणसे व सामान धरून जीपचे वजन १५०० किलो आहे आणि ती ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. तिची गतिज ऊर्जा सुमारे २ लक्ष ८ हजार ज्यूल भरते. चारही चाकांच्या ड्रमांचे लोखंड मिळून ३० किलो धरले, तर गाडी एकदा पूर्ण थांबविल्याने ते लोखंड सुमारे १५ अंशांनी तापते. हे फारसे नव्हे. परंतु उतारावर किंवा वळणावळणाच्या रस्त्यावर दर मिनिटास ब्रेक दाबावा लागला, तर एक उष्णता निवण्यापूर्वी दुसरी तीत भर घालते. वेग निम्मा केला तर ऊर्जा चौथाई होते, हेही येथेच ध्यानात ठेवावे. कोणत्याही नव्या ब्रेकापेक्षा हा उपाय स्वस्त आहे.

ड्रम ब्रेकात चाकाबरोबर फिरणारे एक लोखंडी डबडे असते. त्याच्या आत अर्धचंद्राकार दोन शू असून त्यांवर लायनर बसविलेला असतो. पायाने पेडल दाबले की तेलाच्या दाबाने शू बाहेर फाकतात व ड्रमास आतून घासतात. यात एक मौज आहे. दोहोंपैकी पुढचा शू असा बसविलेला असतो की, फिरणारा ड्रम त्याला स्वतःबरोबर ओढू पाहतो आणि त्या ओढीनेच तो ड्रमावर अधिक घट्ट दाबला जातो. वाऱ्याने लोटल्या जाणाऱ्या दाराखाली पाचर घातली असता वारा जितका जोर करील तितकी पाचर पक्की बसते, तसाच हा प्रकार. चालकाच्या पायाचे निम्मे काम जणू चाकच करते. म्हणूनच जुन्या गाड्या बूस्टरची मदत नसतानाही थांबत असत.

डिस्क ब्रेकात डबड्याऐवजी एक उघडी तबकडी फिरते व कॅलिपर नावाच्या चिमट्यातील दोन पॅड तिला दोन्ही अंगांनी पकडतात. ही कल्पना नवी आहे असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः इंग्लंडातील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते. परंतु त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर त्यांची तांब्याची घर्षण-साधने लवकर झिजत, म्हणून ती कल्पना मागे पडली. पुढे १९५३ साली फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकांच्या जग्वार मोटारींनी बाजी मारली, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. धुळीने एकदा मागे ढकललेली ही वस्तू आहे, हे आमच्या भागातील वाचकांनी विसरू नये.

दोहोंचे गुणदोष तोलून पाहता डिस्कचे पारडे काही बाबतींत निश्चित जड आहे. ड्रम तापला की फुगतो व शूपासून दूर सरकतो, त्यामुळे पेडल अधिक खोल जाते. तबकडी तापली तर जाड होऊन पॅडांच्या जवळच येते. ओढ्यातून गाडी काढली असता ड्रममध्ये शिरलेले पाणी तेथेच राहते आणि पुढची काही अंतरे ब्रेक जणू नसतोच. तबकडीवरचे पाणी फिरण्याने उडून जाते व उरलेले पॅड पुसून टाकतात. (ड्रमची गाडी असणाऱ्यांनी पाण्यातून बाहेर पडताच हळू चालवीत पेडल हलकेच दाबून धरावे, लायनर तापून कोरडे होतात.) उलट, उघड्या तबकडीवर रेती व चिखल बसून ओरखडे पडतात. तसेच वर सांगितलेली पाचरेची मदत डिस्कला मुळीच मिळत नाही. तेव्हा तिला अधिक दाब लागतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. गाडी थांबू लागली की आतील माणसे पुढे झुकतात, तसेच गाडीचे वजनही पुढच्या चाकांवर झुकते. जीपच्या पुढच्या व मागच्या आसांतील अंतर सुमारे २ मीटर असते. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच धरला, १५०० किलो वजन उभ्या स्थितीत दोन्ही आसांवर सारखे वाटले आहे असे मानले, आणि गुरुत्वत्वरणाच्या सहा-दशांश इतक्या जोराने ब्रेक लावला, तर २७० किलो भार मागून पुढे जातो. म्हणजे पुढे १०२० आणि मागे अवघे ४८० किलो उरतात. मागच्या चाकांच्या वाट्यास थांबविण्याचे काम तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी येते. मग जेथे काम थोडे, तेथेच अधिक बलवान ब्रेक बसविला तर काय होईल ? हलकी झालेली मागची चाके पुढच्यांच्या आधी जखडतील. जखडून घसरणाऱ्या चाकास बाजूची पकड राहत नाही. पुढची चाके आधी जखडली तर गाडी निदान सरळ रेषेत घसरत जाते. मागची आधी जखडली तर तिचा मागचा भाग पुढे येऊ पाहतो आणि गाडी गर्रकन फिरते. अरुंद रस्ता व कडेला सागाचे बुंधे असताना हे फिरणे म्हणजे काय, ते निराळे सांगावयास नको. नव्या मोटारींत चाक जखडू न देणारी विजेची योजना असते व भारतात २०१९ पासून नव्या मोटारींस ती सक्तीची आहे. जुन्या गाडीत तिचा पत्ता नाही. म्हणून आमचे मत असे की, केवळ मागे डिस्क बसवून पुढे ड्रम ठेवणे हा उलटा व्यवहार आहे. करावयाचेच असेल तर आरंभ पुढच्या चाकांपासून करावा, आणि पुष्कळांचे काम तेवढ्यानेच भागेल. आजही कित्येक नव्या मोटारींस पुढे डिस्क व मागे ड्रम असतात, ते काही कारखानदारांच्या अज्ञानामुळे नव्हे.

पुढे डिस्क आहेत आणि मागेही हव्या आहेत, असे ज्यांनी ठरविले त्यांनी हे समजून घ्यावे की, येथे एक भाग बदलला म्हणजे दुसरे भाग स्वस्थ राहत नाहीत. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात शरीर व अवयव यांचा जो दृष्टांत आहे, तो ब्रेकच्या यंत्रणेस तंतोतंत लागू पडतो. कॅलिपरचा दट्ट्या मोठा असतो, त्यास तेल अधिक लागते. जुना मास्टर सिलिंडर तेवढे तेल पुरवू शकत नाही व पेडल तळास जाते. बरे, मोठा मास्टर सिलिंडर घातला तर पास्कलच्या नियमाप्रमाणे त्याच पायाने दाब कमी निर्माण होतो. पायाचा जोर पेडलच्या तरफेने १०० किलो झाला, तर ५ चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर तो दर चौरस सेंटिमीटरास २० किलो पडतो, पण १० च्या दट्ट्यावर १० च. जे अंतरात मिळवावे ते बलात गमवावे. ही तूट भरून काढण्यास बूस्टर लागतो. शिवाय ड्रमच्या पुष्कळ मास्टर सिलिंडरांत नळीत थोडा दाब राखून ठेवणारी एक झडप असते. ती तशीच राहिली तर पॅड तबकडीस सतत घासत राहतात आणि चाक तापते. मागील दाब मर्यादित ठेवणारी निराळी झडप मात्र बसवावीच लागते. चाकाची रिम कॅलिपरला लागते की काय हेही आधी मोजून पाहावे.

हँडब्रेकचा प्रश्न तर बहुतेकांच्या ध्यानीच येत नाही. अँबॅसडरसारख्या मोटारीत हँडब्रेकची तार मागच्या ड्रममधील शूच ओढते. ड्रम गेला की हँडब्रेकही गेला. तेव्हा ज्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची सोय अंगचीच आहे, तोच निवडावा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९६ व्या नियमाने पायाचा ब्रेक व उभ्या गाडीचा ब्रेक अशा दोन स्वतंत्र व्यवस्था आवश्यक ठरविल्या आहेत. जुनी विलीज जीप ह्या बाबतीत भाग्यवान आहे. महिंद्र कंपनीने मुंबईत जोडलेल्या ह्या जातीच्या जुन्या जीपांत हँडब्रेक चाकांत नसून मधल्या गिअरपेटीच्या मागे, फिरत्या दांड्यावर असतो. मागचे ड्रम काढले तरी त्यास धक्का लागत नाही.

मात्र ह्याच जुन्या जीपांत आमच्या दृष्टीने डिस्कपेक्षा अगत्याची दुसरी उणीव आहे. चारही चाकांस तेल पुरविणारा मार्ग एकच असतो. एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम जातात. दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर बसविण्यात पैसा खर्चावा, तो मागच्या डिस्कवर खर्चण्याहून शहाणपणाचा होईल. ब्रेक ऑइलही हवेतील ओल शोषून घेते. डॉट ३ जातीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. तेल उकळले की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल दाबूनही चाकापर्यंत जोर पोचत नाही. आमच्याकडच्या पावसाळ्याचा विचार करता दर दोन वर्षांनी तेल बदलावे.

गॅरेजात हात लावणाऱ्या मुलांस एक सूचना. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे. ड्रम उघडल्यावर ती तोंडाने फुंकू नये की हवेच्या नळीने उडवू नये; ओल्या फडक्याने पुसावी व फडके पिशवीत बांधून टाकावे. पालकांसही सांगणे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम, नोंदणीतील तपशील मूळ कारखानदाराने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ह्या कलमाचा कडक अर्थ लावला. म्हणून हत्यारे हाती घेण्यापूर्वी गडचिरोलीच्या परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे लेखी विचारून घ्यावे.

सर्व जोडणी झाल्यावर नळ्यांतील हवा पूर्ण काढावी. सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करतात. मग रिकामी गाडी कोरड्या, सपाट, निर्मनुष्य मैदानात न्यावी. रिकामी अशासाठी की तेव्हा मागचा भाग सर्वांत हलका असतो. कोरड्या जागी अशासाठी की तेथे ब्रेक अधिक जोराने लागतो व भार अधिक पुढे जातो. ताशी २० किलोमीटर वेगापासून आरंभ करून प्रत्येक वेळी थोडा वेग वाढवावा, आणि बाजूस सुरक्षित अंतरावर उभ्या असलेल्या जाणत्या मिस्त्रीने कोणती चाके आधी जखडतात ते पाहावे. मागची आधी जखडली, तर झडपेने मागील दाब कमी करावा व पुनः पाहावे. पुढची आधी जखडू लागेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये. त्यानंतर पाचशे किलोमीटर झाल्यावर चारही चाके काढून पॅड सारखे झिजले आहेत की नाही, नळ्यांचे सांधे कोरडे आहेत की नाही, हे एकदा तपासावे.